शेंगदाणा संपेपर्यंत

मला शिकवता येत नाही ही गोष्ट मला शिकवायला लागून सहा वर्षं झाल्यावर कळली, आणि ती सांगणारा माणूस त्या वेळी माझ्याकडे पाठ करून बसला होता.

शिरूर तालुक्यातल्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवत होतो, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनमध्ये नेमणूक, दर एप्रिलमध्ये निरोप, आणि मधले दहा महिने कायम होण्याची आशा. त्या दिवशी मी तास सुरू करणार एवढ्यात भौतिकशास्त्राचे सर वर्गात आले. कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची त्यांनी उचलली, फळ्याखाली माझ्या शेजारी मांडली आणि विद्यार्थ्यांकडे तोंड करून बसले. मला वाटलं, चुकून बसले असतील.

"सर, मागच्या बाकावर बसा की. तिथून फळा नीट दिसेल."

"फळा बघितलाय मी," ते म्हणाले. "चालू द्या."

पन्नास मिनिटं त्यांनी एकदाही मान वळवली नाही. मांडीवर दोनशे पानी वही होती, तिच्यात अधूनमधून काही लिहीत होते. तास संपल्यावर त्यांनी ती माझ्यापुढे धरली. पाचव्या मिनिटाला खिडकीजवळचे चौघे बाहेर बघू लागले. बाराव्या मिनिटाला दुसऱ्या बाकावर मोबाइल निघाला. अठराव्या मिनिटाला पेनं थांबली. पंचविसाव्या मिनिटाला निळा शर्ट झोपला. चौतिसाव्या मिनिटाला निळा शर्ट उठला, घड्याळ बघून परत झोपला. शेवटची नोंद होती : 'चाळिसावं मिनिट. मास्तर हसले. एकटेच.'

मी म्हटलं, "सर, तो निळा शर्ट सणसवाडीच्या कारखान्यात थर्ड शिफ्ट करून येतो."

"ठाऊक हाय. त्याचा पर्यावरणाचा तास मीच घेतो. माझ्यापाशी इसाव्या मिनिटाला झोपतो. तुम्ही पाच मिनिटं जास्त टिकवला. चांगलं हाय."

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. "पण माझं शिकवणं कसं वाटलं?"

"ते मला काय म्हाईत? मी तुमच्याकडं बघितलंच न्हाई."

विद्यार्थी त्यांना 'उलटे सर' म्हणायचे. हे त्यांना माहीत होतं आणि चालत होतं. ते स्वतः मात्र सगळ्या प्राध्यापकांना 'मास्तर' म्हणत. पीएच.डी. झालेल्या लोकांना हे फार लागायचं. एकाने तसं बोलून दाखवलं तेव्हा सर म्हणाले, "डॉक्टर म्हणायला हरकत न्हाई, पण मग पेशंटकडं बघत जा."

ते केंदूरचे. जुन्या स्कूटरवरून यायचे, डोक्याला उपरणं गुंडाळून. खिशाला दोन पेनं, शर्टाच्या बाहीला कायम खडूची पूड. कॉलेजात 'अध्यापन सुधार समिती' नावाची एक समिती होती. तिचे पाच सदस्य होते, पण ती अस्तित्वात आहे हे फक्त यांना माहीत होतं. बाकीच्या चौघांना आपण सदस्य आहोत हे वार्षिक अहवालातून कळायचं. त्यामुळे समितीचे सगळे निर्णय एकमताने होत.

त्यांचं स्वतःचं शिकवणं फार रसाळ होतं असं नाही. आवाज घोगरा, विनोद शून्य. पण त्यांच्या वर्गातली पोरं परीक्षेच्या आदल्या दिवशी क्रिकेट खेळताना दिसत, आणि आमच्या वर्गातली झेरॉक्सच्या दुकानात.

त्यांचं एक वाक्य होतं : "तुम्ही शिकवलं ही अफवा. पोरांना कळलं ही बातमी." हे वाक्य ते प्राचार्यांसमोर, संस्थेच्या पदाधिकाऱ्यांसमोर, एकदा तर एका लग्नात आहेर देता देता म्हणाले होते.

पण खरी गंमत शेंगदाण्याची. त्यांच्या डाव्या खिशात भाजलेले शेंगदाणे असत. त्या तासानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला मूठभर दिले. मी दोन तोंडात टाकले तर हात धरला.

"हे खायला न्हाईत. म्हंजी खायलाच हायेत, पर येळ आल्यावर. वर्गात प्रश्न इचारता का?"

"विचारतो."

"आन् उत्तर कोण देतं?"

मी विचार केला. "मीच."

"किती येळानं?"

"लगेच."

"मग इचारता कशाला? प्रश्न इचारायचा, एक दाणा तोंडात टाकायचा. तो चावून गिळून होईस्तोवर बोलायचं न्हाई. तुमचं तोंड कामात असलं तरच पोरांचं उघडंल."

मला हे हास्यास्पद वाटलं. दुसऱ्या दिवशी करून पाहिलं. 'मान्सून परततो म्हणजे काय होतं?' असं विचारून मी दाणा तोंडात टाकला आणि उभा राहिलो. भर वर्गात गप्प उभं राहून शेंगदाणा चावणं किती लांबतं, हे ज्याने केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. वर्ग माझ्याकडे बघत होता, मी वर्गाकडे. पंखा किरकिरत होता. शेवटी, माझी नव्हे तर स्वतःची अडचण घालवण्यासाठी, एक मुलगा बोलला. उत्तर चूक होतं. पण सहा वर्षांत माझ्या वर्गातलं ते पहिलं उत्तर.

पुढे कठीण प्रश्नांसाठी सरांनी वेगळी सोय सांगितली. बी.ए.ला शेंगदाणा, एम.ए.ला फुटाणा. फुटाणा जास्त वेळ टिकतो. वाणिज्य विभागाचे एक जण हे ऐकून उत्साहाने खिसा भरून गेले, पण त्यांनी प्रश्नच विचारले नाहीत, नुसते दाणे खाल्ले. "अर्धी पद्धत उचलली," सर म्हणाले. "बहुतेक सुधारणा अशाच व्हत्यात."

एकदा मी केंदूरला त्यांच्या घरी गेलो होतो. काकूंनी चहा दिला आणि माझ्याजवळ गाऱ्हाणं मांडलं. "घरात बी त्येच चाललंय बघा. मी इचारलं, आमटीत मीठ जास्त झालं का, तर आदी दाणा खात्यात. तवर आमटी गार."

"मीठ जास्तच होतं," सर आतून म्हणाले. "पर तुला सोताला कळावं म्हणून थांबलो."

त्यांनी मला गृहपाठही दिला होता. उद्या वर्गात जे शिकवायचं ते आज अशा माणसाला शिकवायचं, ज्याला परीक्षा द्यायची नाही. "पोरं बिचारी हजेरीसाठी बसत्यात. ज्याला हजेरी न्हाई त्याला पाच मिनिटं बसवून दाखवा. तो उठला की समजा, तुमचा तास खरा तिथं संपला."

मी मूळचा दौंडकडचा, खुटबावचा. रोजचं येणं-जाणं परवडणारं नव्हतं म्हणून सणसवाडीत खोली घेतली होती. शेजारच्या खोलीत बिहारहून आलेला, कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये काम करणारा एक जण राहायचा. मी त्याला गाठून व्यापारी वारे समजावायला घेतले. हिंदी माझी यथातथा. तो दोन मिनिटं अदबीने ऐकत राहिला, मग म्हणाला, "सरजी, चावल चढ़ाया है." दुसऱ्या दिवशी लोकसंख्येचं स्थलांतर होतं. पुन्हा दोन मिनिटांनी भात. तिसऱ्या दिवशी मला येताना पाहून त्याने दाराला आतून कडी लावली. मी सरांना सांगितलं.

"स्थलांतर शिकवत व्हता?"

"हो."

"आन् बोलला कोण, तुम्ही का तो?"

"मी."

सरांनी खिशातून एक दाणा काढला, स्वतःच्या तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. तो संपायच्या आत माझ्या लक्षात आलं, की हजारभर मैल स्थलांतर करून आलेल्या माणसाला मी पुस्तकातून स्थलांतर समजावत होतो.

कॉलेजात शिकवणं सुधारण्याची अधिकृत सोयही होती. वर्षातून एकदा कार्यशाळा. त्या वर्षीच्या कार्यशाळेला फाइल, पेन, पेढा आणि बिल्ला मिळाला. दीपप्रज्वलन झालं, पण वारा होता म्हणून ते तीनदा झालं. मग सत्कार. मग ज्यांनी सत्कार केले त्यांचे सत्कार. 'तासाचं वेळेचं नियोजन' हे पहिलं सत्र दीड तास उशिरा सुरू झालं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी पडद्यावरचं वाक्य आम्हाला वाचून दाखवलं : 'पडद्यावरची वाक्यं वाचून दाखवू नका.' आम्ही ते उतरवून घेतलं. सर पहिल्या रांगेत होते, पण खुर्ची उलटी करून. प्राध्यापकांकडे बघत वहीत नोंदी करत होते. जेवणाच्या सुट्टीत मी ती बघितली. सगळं पान कोरं होतं, खाली एकच ओळ : 'निळा शर्ट इथे असता तर त्याला सोबत झाली असती.'

आता पोरांच्या वहीचं सांगतो. सरांचं म्हणणं असं, की आपल्या भागातलं पोरगं 'कळलं नाही' असं हात वर करून कधी म्हणणार नाही. घरी, शाळेत, कुठेच त्याला तशी सवय नाही. 'कळलं का?' विचारलं की सगळे मान हलवणार. म्हणून त्यांनी वर्गात नियम केला होता : कळेनासं झालं की बोलायचं नाही, फक्त वही पालथी घालायची. तीन वह्या पालथ्या दिसल्या की मास्तरने थांबायचं आणि दुसऱ्या वाटेने यायचं. हळूहळू ही रीत भूगोलात, मराठीत, इतिहासात पसरली. पहिल्या महिन्यात माझ्या वर्गात इतक्या वह्या पालथ्या पडायच्या, की मला घरी जाऊन जेवण जात नसे.

आणि अशात मूल्यांकन समिती येणार असं ठरलं.

त्या आधी पंधरा दिवस प्राचार्यांनी मला बोलावलं. प्राचार्य माणूस वाईट नव्हता, पण फ्लेक्स बघितल्याशिवाय त्याला कुठलीही गोष्ट घडली असं वाटत नसे. "भूगोलाची एक जागा भरायची आहे," ते म्हणाले. "समितीसमोर आदर्श पाठ तुम्ही घ्यायचा. तो नीट झाला तर संस्थेपुढे तुमचं नाव जाईल. नाही झाला तर माझ्या हातात काही राहत नाही."

मला तेव्हा चौतिसावं लागलं होतं. खुटबावला आई दर सुट्टीत विचारायची, "औंदा तरी पक्कं का?" माझी सातवी वर्षाअखेर जवळ येत होती.

पाठाचा विषय निघाला समोच्च रेषा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. प्राचार्यांनी दोनदा रंगीत तालीम घेतली. कुणी कोणता प्रश्न विचारायचा, कुणी उत्तर द्यायचं, कुठे हसायचं, सगळं ठरलं. मग त्यांनी दोन सूचना काढल्या. एक, त्या दिवशी कोणीही वही पालथी घालायची नाही. दोन, प्राध्यापकांनी वर्गात काहीही खायचं नाही. आणि उलट्या सरांना त्यांनी पार्किंगची व्यवस्था दिली.

"तुमच्याशिवाय कोण सांभाळणार?" ते सरांना म्हणाले.

"खरं हाय," सर म्हणाले. "गाड्या बी ऐकून घेत न्हाईत."

समितीचे तिघे जण मागच्या बाकावर बसले, शेजारी प्राचार्य. माझा कोट उसना होता. पहिली दहा मिनिटं घड्याळासारखी गेली. ठरलेल्या मुलाने ठरलेला प्रश्न विचारला, ठरलेल्या मुलीने ठरलेलं उत्तर दिलं. मी फळ्यावर डोंगर काढला, त्याभोवती रेषा काढल्या, व्याख्या सांगितली, आणि तिसऱ्या बाकावर एक वही पालथी पडली.

ती सारिकाची होती. सारिका तालमीला नव्हती. त्या आठवड्यात त्यांच्या वस्तीवर शेतीची लाईट दिवसाची होती, त्यामुळे ती दोन्ही दिवस घरी पिकाला पाणी देत होती. सूचना तिने ऐकलीच नव्हती. तिला कळलं नाही, म्हणून तिने वर्षभर जे केलं तेच केलं.

मी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि पुढे बोलू लागलो. मग तिच्या शेजारची वही पालथी झाली. मग पुढच्या बाकावरची. जी पोरं दोन तालमींतून उत्तरं पाठ करून आली होती, त्यांना ती उत्तरं कळलेली नव्हती, आणि आता कोणीतरी सुरुवात केल्यावर त्यांना राहवेना. ठरलेलं उत्तर देणाऱ्या मुलीनेही आपली वही हळूच उलटी केली. निळा शर्ट त्या दिवशी खास सुट्टी काढून झोप पूर्ण करून आला होता. त्याने दोन वह्या पालथ्या घातल्या, एक शेजारच्याची.

मागे प्राचार्यांचा चेहरा पुसलेल्या फळ्याइतका कोरा झाला. त्यांनी मला डोळ्यांनी खूण केली : पुढे चला. माझ्यापुढे तयार पाठाची अजून पंचवीस मिनिटं होती आणि ती तोंडपाठ होती. मी पुढे गेलो असतो तर समितीला वह्यांचा अर्थ कळलाही नसता. ही गोष्ट मला त्या क्षणी अगदी स्वच्छ दिसत होती. जागाही दिसत होती.

मी खडू खाली ठेवला.

"या रेषा तुम्ही कुठं बघितल्यात का? नकाशात नाही. घरी, रानात, कुठंही."

आणि उसन्या कोटाच्या खिशातून एक शेंगदाणा काढून तोंडात टाकला.

समितीच्या अध्यक्षांनी चष्मा वर केला. प्राचार्यांनी डोळे मिटले. मी चावत राहिलो. अर्धा दाणा झाला असेल, तेव्हा सारिका उभी न राहताच बोलली.

"सर, आमच्या वस्तीमागं पाझर तलाव हाय. उन्हाळ्यात आटत आला ना, की कडंला गाळाच्या रेघा राहत्यात. पाणी जसं खाली जाईल तशी एकीखाली एक. सगळीकडनं गोल. तशाच का ह्या?"

माझा दाणा संपला नव्हता, त्यामुळे मला बोलता आलं नाही. ती पुढे म्हणाली, "म्हंजी एका रेघंवर सगळीकडं पाणी सारखंच व्हतं ना तवा. म्हणून उंची सारखी."

मागून कोणीतरी विचारलं, "मग ह्या बाजूला जवळजवळ का काढल्यात?"

"आरं, बांधाच्या बाजूला चढ हाय ना उभा. तिथं रेघा चिकटून असत्यात. आन् आमची मेंढरं पाण्यावर उतरायची ती बाजू पसरट. तिथं लांबलांब."

सहा वर्षं मी समोच्च रेषा शिकवत होतो. व्याख्या, उपयोग, आकृती, दहा गुण. त्या दिवशी त्या मला पहिल्यांदा दिसल्या. मी फळ्यावरचा डोंगर पुसला आणि तलाव काढला. वह्या एकेक करून सुलट्या होऊ लागल्या.

तास संपल्यावर समितीतल्या बाई प्राचार्यांकडे वळल्या. "ही वही पालथी घालण्याची पद्धत काय आहे?"

प्राचार्यांनी अर्धा क्षण घेतला. शेंगदाणा नसतानाही घेतला. मग म्हणाले, "आमची बेस्ट प्रॅक्टिस आहे मॅडम. गेली कित्येक वर्षं राबवतोय."

मी पार्किंगमध्ये गेलो. पार्किंग आमच्या वर्गाच्या खिडकीसमोरच होतं. सर गाड्यांकडे पाठ करून खुर्ची मांडून बसले होते. तिथून फळा दिसत नव्हता, मीही दिसत नव्हतो, आवाज तर येतच नव्हता. फक्त पोरांचे चेहरे दिसत होते. वही मांडीवर होती.

"अकरा इसाला काय सांगितलं तुम्ही?" त्यांनी विचारलं. "समदी तोंडं एकदम उजळली."

"मी नाही सांगितलं. सारिकानं सांगितलं."

"तरीच," ते म्हणाले, आणि एका अडकलेल्या गाडीला वाट करून द्यायला उठले.

मला जागा मिळाली. पालथ्या वहीचंही कल्याण झालं. प्राचार्यांनी तिचा फ्लेक्स केला, तिला इंग्रजी नाव दिलं आणि परिपत्रक काढलं : प्रत्येक तासाला किमान तीन वह्या पालथ्या झाल्या पाहिजेत, महिनाअखेर तक्ता सादर करावा. त्यानंतर वर्गावर्गात आळीपाळीने वह्या पालथ्या पडू लागल्या, बहुधा हजेरी क्रमांकानुसार. ते परिपत्रक स्टाफरूममध्ये सरांच्या टेबलावर निवृत्तीपर्यंत होतं. पालथं.

त्यांच्या निरोप समारंभाला मानपत्र वाचायचं काम माझ्याकडे आलं. ते मी लिहिलं नव्हतं. मराठी विभागाने लिहिलं होतं आणि सोनेरी चौकटीत छापलं होतं. सर व्यासपीठावर बसले होते. नाइलाजाने प्रेक्षकांकडे तोंड करून, म्हणजे त्यांच्या नेहमीच्याच जागी. एक प्रत त्यांच्या हातात होती. मी वाचू लागलो. ज्ञानतपस्वी, व्रतस्थ, ऋषितुल्य. दुसरा परिच्छेद निम्मा झाला आणि बाजूने चौकट टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. बघतो तर मानपत्र पालथं.

सभागृहात हशा पिकला. मी वाचायचा थांबलो. माझ्या हातातला कागद घडी करून खिशात ठेवला, त्याच खिशात हात घालून एक दाणा काढला. प्राचार्यांनी पुन्हा डोळे मिटले.

"सर, कुठपासून कळलं नाही?" मी विचारलं आणि दाणा तोंडात टाकला.

"ऋषितुल्यपासनं," ते म्हणाले.

मी पूर्ण दाणा चावला. मग दुसऱ्या वाटेने आलो.

"सर," मी म्हटलं, "तुम्ही मला गप्प बसायला शिकवलं. माझं शिकवणं तिथून सुरू झालं."

ते माझ्याकडे बघत नव्हते. समोर बसलेल्या पोरांकडे बघत होते, पाच-सहा क्षण, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नेहमीसारखं. मग त्यांनी हात पुढे केला आणि मानपत्र सुलटं केलं.